ओलं विष, कोरडा उतारा

श्रोतेहो, 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या अकोला-अमरावतीतही माणसं दवाखान्यात गेली. माणसाच्या डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीतली फवारणी, विभागीय आयुक्तांखालचं चौकशी पथक, हे सारं तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलणार आहे उताऱ्याबद्दल, म्हणजे अ‍ॅट्रोपिनबद्दल. उताराही औषधच आहे, आणि त्याचा अतिरेक ओळखणं खाटेजवळच्या नातेवाइकाला शिकवलंच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक अंग ओलं करतं. घाम, लाळ, उलट्या, जुलाब, छातीत घरघर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अ‍ॅट्रोपिन हा ओलावा आटवतं. ते जास्त झालं, तर उलट चित्र दिसतं: कातडी लाल नि कोरडी, ताप, धावती नाडी, फुगलेलं पोट, अडलेली लघवी, आणि रोगी हवेतलं काहीतरी वेचत बरळू लागतो. आपल्या धुऱ्यावरचा धोतरा आठवा. त्यातही अ‍ॅट्रोपिन असतं. धोतऱ्याचं बी पोटात गेलेला माणूस कसा भ्रमतो, कसा अंगावरचे कपडे ओढतो, हे गावातल्या जुन्या बायांना चांगलं कळतं. तेच लक्षण दवाखान्यात दिसलं की मात्र घरचे म्हणतात, विष डोक्यात चढलं, अजून इंजेक्शन द्या! घाम बंद झाल्यावर अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा नसलेल्या वॉर्डात, तो ताप जीवावर बेतू शकतो.

पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते आहे. त्यांचा आक्षेप रास्त आहे: अ‍ॅट्रोपिनची भीती घातली तर ते कमी दिलं जाईल, आणि कमी दिल्यानेही माणूस जातो. म्हणूनच सुरुवातीला दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत नेतात, त्यात हयगय नको. पण छातीतली घरघर थांबली, नाडी आणि रक्तदाब सावरले, की दुप्पट करणं थांबतं. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट पाहत बसायची नसते. दुसरा आक्षेप, हे पाहणं नर्सचं काम. खरं आहे, पण एका नर्सकडे अनेक खाटा असतात, नातेवाईक मात्र रात्रभर एकाच खाटेशी बसतो. त्याने सलाईनला हात लावायचा नाही, फक्त हाक मारायची. आणि मान उचलवत नसेल, श्वास उथळ झाला असेल, तर तीही हाक मारण्याचीच वेळ. एक ते चार दिवसांत येणाऱ्या त्या अशक्तपणावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही.

अध्यक्षांची घंटा झाली, तेव्हा कीटकनाशकाच्या डब्याबद्दल एकच सांगतो. डायफेन्थियुरॉनसारख्या रसायनावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नाही, म्हणून रोग्यासोबत डबा न्याच. आणि फवारणीच्या हंगामात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात खाटेशेजारी मराठीत फलक लावा: घाम, लाळ, घरघर असेल तर हाक मारा, कोरडं अंग, ताप, बरळणं, लघवी बंद असेल तरीही हाक मारा. ही मागणी इथल्या प्रत्येकाने आपल्या तालुक्यात लेखी करावी.