टपावरचा डबा

मोटारीवरून वारा कसा वाहतो हे पाहण्यासाठी मोठ्या कंपन्या वाऱ्याचा बोगदा बांधतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यात एवढा खर्च लागत नाही. तुळजापूर ते सोलापूर हा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता पुरतो. नवी गाडी घेतली की माणूस ती आधी तुळजाभवानीच्या दारी नेतो. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूचा हार. गाडी परतीला लागते आणि प्रयोग सुरू होतो.

हाराची टोकं फडफडतात, पाकळ्या उडतात, सोलापूर येईस्तोवर नुसता दोरा उरतो. पण वायपरपाशी अडकलेलं एखादं फूल जागचं हलत नाही! मी त्याला देवीचा कौल म्हणायला तयार होतो. विज्ञान म्हणतं, काचेच्या पायथ्याशी हवा अडते, मंदावते, तिथे दाब वाढतो. बाहेर वादळ चालू असताना फूल मांडवात बसल्यासारखं निवांत.

काळीपिवळी जीपच्या मागे याच्या उलट. तिथे हवा फाटते, दाब कमी होतो आणि रस्त्यावरची धूळ ओढली जाते. मागच्या बाकावरचा पाहुणा उतरतो तेव्हा घरचे त्याला ओळखत नाहीत. भाडं मात्र पुढच्याइतकंच!

आता टपावर विसरलेला जेवणाचा डबा घ्या. वजन एक किलो, वाऱ्यासमोरची बाजू दहा सेंटिमीटर बाय पंधरा. ढोबळ हिशेबानं ताशी ४० किलोमीटरला वारा त्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाइतक्या जोरानं ढकलतो. वेग दुप्पट, ८० केला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो: साडेचारशे ग्रॅम. गुळगुळीत पत्र्याची पकड तीनशे ग्रॅमची धरा. म्हणजे गावातून डबा सुखरूप निघतो आणि हायवेला लागल्यावर मागच्या मागे उतरतो.

अर्थात आमच्याकडे वाऱ्याला ही संधी क्वचितच मिळते, कारण त्याआधी गतिरोधक येतो. कचकन ब्रेक दाबला की गाडी थांबते, डब्याला थांबायचं ठाऊक नसतं. तो काचेवरून घसरत, चालकाला दर्शन देऊन बॉनेटवर येतो. पिठलं-भाकरी कुठे ठेवली होती, हे तेव्हा आठवतं.

इथवर हसण्यासारखं आहे. पण गाळप हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागून मोटारसायकलवर जाऊन पाहा. ट्रॅक्टर हळू चालतो, तिथे वाऱ्याचा काही दोष नाही. चाक खड्ड्यात जातं, ट्रॉली कलंडते, उभी राहते, आणि वरची सैल मोळी खाली येते. मागच्याला ती दिव्याच्या उजेडात दिसेपर्यंत चाकाखाली आलेली असते. टपावरचा डबा पडला तर एकाची दुपार उपाशी जाते. इथे घरी कुणीतरी वाट पाहत राहतं. आवळून बांधलेला दोर आणि मागे चमकणारी लाल पट्टी, खर्च एवढाच.

म्हणून एक सुचवतो. देवळात आपण प्रदक्षिणा घालतोच. निघण्यापूर्वी गाडीलाही एक घालावी, मग ती मोटार असो की ट्रॉली. विसरलेला डबा सापडेल, सुटलेली गाठही दिसेल.