नाताळची आरास : निजावयाच्या खोलींत



नाताळची आरास कोठें करावयाची हें बहुतेक घरीं ठरलेलें असतें. दारावर तारा, बाहेरच्या खोलींत झाड आणि कोपऱ्यांत गव्हाण. पाहुणा जेथवर येतो तेथवर आरास पोंचते आणि तेथेंच थांबते. आंतली निजावयाची खोली मात्र होती तशीच राहते. ती कोण पाहणार, असें आपण मनाशीं म्हणतों.

पण ती पाहणारी माणसें घरांत असतात. अंथरुणाला खिळलेली आजी दिवसाचे चोवीस तास तीच खोली पाहत असते. तापानें निजलेलें मूल, तान्ह्या बाळाजवळ पडून असलेली बाळंतीण, मध्यरात्रीच्या मिस्सेला जाण्याचें त्राण उरलेलें नाहीं असे आजोबा, या सर्वांचा नाताळ बाहेरच्या खोलींत होत नाहीं. तो याच चार भिंतींच्या आंत व्हावयाचा असतो. म्हणून आज मी त्या खोलीविषयीं बोलणार आहें. आणि तेंही विकत आणलेल्या सामानाविषयीं नव्हे, तर कागद, कामट्या, दोरा व खळ एवढ्यावर घरच्या घरीं काय करतां येईल याविषयीं.

कोणाला वाटेल, कीं हा नसता उद्योग आहे. आरास ही दर्शनी भागांतच शोभते. नाताळच्या दोन सुप्रसिद्ध अलंकारांचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो. ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जन्मले नाहींत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्यांत ते प्रथम दिसले.

पहिला अलंकार कागदी तारा. जर्मनींतील नीस्की व हेर्नहूट या गांवीं मोरावियन पंथाच्या शाळा होत्या. या पंथाचे लोक धर्मप्रसारासाठीं ग्रीनलंड, वेस्ट इंडीज अशा दूरच्या प्रदेशांत जात आणि त्यांचीं मुलें मागें वसतिगृहांत राहत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या शाळांतून भूमितीचा पाठ म्हणून कागदाचे अनेक टोंकांचे तारे करण्याची पद्धत पडली, आणि नाताळपूर्वींच्या दिवसांत ते वसतिगृहांच्या खोल्यांतून लटकूं लागले. आज त्याच ताऱ्याला जगभर मागणी आहे. त्याच्या नेहमींच्या प्रकाराला २५ टोंकें असतात. त्यांपैकीं १७ चौकोनी बुडाचीं व ८ त्रिकोणी बुडाचीं. सव्विसावी जागा तारा टांगण्यासाठीं मोकळी ठेवलेली असते. ज्यांचे आईबाप समुद्रापलीकडे होते, अशा मुलांच्या हातांतून हा तारा निघाला आहे, हें आपण विसरूं नये.

दुसरा अलंकार आगमनकाळाचें मेणबत्त्यांचें चक्र. योहान हिन्रिख विखर्न या धर्मशास्त्र्यानें १८३३ सालीं हॅम्बुर्ग येथें गरीब व निराधार मुलांसाठीं एक आश्रम काढला. नाताळ जवळ आला कीं मुलें रोज विचारीत, आतां किती दिवस राहिले? १८३९ सालीं विखर्न यांनीं गाडीचें एक जुनें चाक घेतलें आणि त्यावर २० लहान तांबड्या व ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक लहान मेणबत्ती लावावयाची आणि रविवारीं मोठी. न लावलेल्या मोजल्या कीं मुलांना आपल्या प्रश्नाचें उत्तर मिळे. त्या वर्षीं १ डिसेंबर रविवारीं आला होता. म्हणून चार रविवार आणि वीस इतर दिवस असा चोवीसांचा हिशेब नेमका जुळला. चर्चमध्यें आज दिसणारें चार मेणबत्त्यांचें हिरवें चक्र हें याच चाकाचें धाकटें रूप होय.

या दोन्ही गोष्टींत मला एकच तत्त्व दिसतें. ज्याला वाट पाहावयाची आहे आणि ज्याला उठून जातां येत नाहीं, त्याच्यासाठीं आरास आधीं करावी, पाहुण्यांसाठीं नंतर. हें तत्त्व धरून आपल्या खोलीकडे वळूं.

कामाला हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य करावी. ज्या खाटेवर तें माणूस निजतें, तिच्यावर आपण स्वतः पांच मिनिटें आडवें व्हावें आणि उशीवरून काय दिसतें तें पाहावें. बाहेरची खोली आपण उभ्यानें किंवा बसून पाहतों. ही निजून पाहावयाची असते. उशीमागची भिंत, जिच्यावर आपण हौसेनें चित्रें लावतों, ती निजलेल्याला कधींच दिसत नाहीं. त्याला दिसतें तें आढें, पायांकडची भिंत आणि कुशीवर वळल्यावर खिडकी. या तीन जागा आपल्या. बाकीची खोली उघडी राहिली तरी बिघडत नाहीं.

आतां साहित्य. खळ घरींच करावी. दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यांत गुठळ्या न राहतील असा कालवावा व मंद आंचेवर ढवळीत शिजवावा. मिश्रण दाट व किंचित् पारदर्शक झालें कीं उतरावें. पूर्वीं कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत. तें विष आहे, लहान मुलें काम करणार असतील तर घालूं नये. त्यापेक्षां लागेल तेवढी खळ रोज ताजी करावी.

पहिली वस्तु चोवीस कड्यांची साखळी. जुन्या दिनदर्शिकेचीं किंवा मासिकांचीं रंगीत पानें घेऊन त्यांच्या आठ इंच लांब व एक इंच रुंद अशा पट्ट्या कापाव्या. एका पट्टीचीं टोंकें चिकटवून कडी करावी, दुसरी पट्टी तींतून ओवून तिची कडी करावी, आणि असें चोवीसपर्यंत जावें. ही साखळी ३० नोव्हेंबरच्या रात्रीं पायांकडच्या भिंतीवर उभी टांगावी. १ डिसेंबरपासून रोज निजण्यापूर्वीं खालची एक कडी काढावी. शेवटची २४ तारखेच्या रात्रीं निघेल. विखर्न यांच्या चाकाचेंच काम ही साखळी करते, पण तिला ज्योत लागत नाहीं. प्रत्येक पट्टीच्या आंतल्या बाजूस आधींच एक ओळ लिहून ठेवावी : कोणाला पत्र लिहावयाचें, कोणाची विचारपूस करावयाची, कोणती जुनी गोष्ट आजीनें सांगावयाची. आजारी माणसाला दिवस एकसारखे वाटूं लागतात, आणि तोच त्याचा मोठा शीण असतो. रोज संध्याकाळीं एक कडी उघडावयाची आहे एवढ्यानेंही सोमवार मंगळवारापासून वेगळा होतो.

अशीच लांब साखळी भिंतीवर आडवी सोडावयाची असेल, तर दहा फुटांच्या भिंतीला थोडा झोल धरून सुमारें साठ कड्या लागतील. मुलांना तें एका दुपारचें काम आहे.

दुसरी वस्तु तारा. दिवाळींत ज्यांच्या घरीं आकाशकंदील हातानें होतो त्यांना हें काम शिकवावें लागत नाहीं. बांबूच्या दीड दीड फुटाच्या दहा सारख्या कामट्या तासून घ्याव्या. पांच कामट्यांची, टोंकें एकमेकांना बांधून, एक चांदणी करावी. आंत जेथें कामट्या एकमेकींना ओलांडतात त्या पांच ठिकाणींही दोरा गुंडाळावा. अशा दोन चांदण्या एकावर एक ठेवून त्यांचीं पांचही टोंकें बांधावीं. मग आंतल्या पांच सांध्यांत चार चार इंचांच्या काड्या आडव्या बसवाव्या, म्हणजे मधला भाग दोन्ही बाजूंनीं फुगून वर येतो आणि ताऱ्याला अंग येतें. त्यावर पतंगी कागद चिकटवावा. हा तारा खिडकींत टांगावा. सकाळचें ऊन त्यांतून आलें कीं भिंतीवर रंग उतरतो, आणि तेवढ्यासाठीं दिव्याचीही गरज लागत नाहीं.

तिसरी वस्तु डेन्मार्ककडची आहे. तेथें नाताळच्या झाडावर तांबड्या व पांढऱ्या कागदांचीं विणलेलीं हृदयें लावतात. परीकथा लिहिणारे हान्स ख्रिश्चन अँडरसन हे कात्रीचे मोठे कसबी होते. त्यांनीं १८६० सालीं विणलेलें असें एक हृदय आजही जपून ठेवलेलें आहे. कृति अशी : दोन रंगांचे, प्रत्येकीं तीन इंच रुंद व नऊ इंच लांब असे दोन कागद घ्यावे. प्रत्येक कागद मधोमध दुमडावा आणि उघडी बाजू कात्रीनें गोल करावी. दुमडीकडून सव्वातीन इंच लांबीच्या दोन चिरा द्याव्या, म्हणजे एकेक इंचाच्या तीन दुहेरी पट्ट्या होतात. आतां दोन्ही कागद काटकोनांत धरून विणावयास लागावें. पट्टी दुहेरी असल्यामुळें ती पहिल्या पट्टीच्या पोटांतून न्यावयाची आणि दुसरी पट्टी तिच्या पोटांतून घ्यावयाची. पुढच्या ओळींत याच्या उलट. तिन्ही ओळी पुऱ्या झाल्या कीं दोन रंगांची चौकट असलेलें हृदय तयार होतें, आणि तें उघडून पाहिलें तर आंत पिशवी असते. पहिला कागद कदाचित् फाटेल, दुसरा साधेल. ही पिशवी खाटेजवळ हात पोंचेल अशा ठिकाणीं अडकवावी आणि तींत चार मनुका, एखादी नेवरी किंवा एखादी चिठ्ठी ठेवावी.

चौथी वस्तु गव्हाण. १२२३ सालीं संत फ्रान्सिस यांनीं इटलींतील ग्रेच्यो गांवीं चारा व जिवंत बैल-गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. तेथून ही प्रथा पसरत गेली. निजावयाच्या खोलींत तिला वीतभर जागा पुरते. खिडकीच्या कट्ट्यावर एक थाळी ठेवावी. नवरात्रांत घटाभोंवतीं धान्य रुजवितात त्याच रीतीनें तींत माती पसरून १५-१६ डिसेंबरला भिजविलेले गहूं किंवा नाचणी पेरावी. रोज थोडें पाणी शिंपडलें कीं नाताळपर्यंत हिरवें कुरण उभें राहतें. त्यांत आगपेटीच्या खोक्यांचा गोठा आणि शाडूचीं बोटभर चित्रें ठेवावीं. अंथरुणावरच्या माणसाला यांत एक मोठा लाभ आहे. इतर आरास एकदां केली कीं तशीच राहते. ही मात्र रोज वाढते, आणि तिचा कोंब आज किती वर आला हें विचारावयास तें माणूस सकाळींच जागें होतें.

आतां सावधगिरी. निजावयाच्या खोलींत मेणबत्ती किंवा पणती मुळींच नको. कागद, मच्छरदाणी व पांघरुणें जेथें जवळ जवळ आहेत आणि माणसें झोपलेलीं आहेत, तेथें उघडी ज्योत म्हणजे संकट होय. पूर्वीं नाताळच्या झाडांवर मेणबत्त्या लावीत आणि त्यांतून आगी लागत. १८८२ सालीं न्यूयॉर्कमध्यें एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनीं आपल्या घरच्या झाडावर ८० विजेचे दिवे लावले, तेव्हांपासून हळूहळू दुसरी वाट मोकळी झाली. आजच्या एल्.ई.डी. दिव्यांची माळ फारशी तापत नाहीं, तरीही ती कागदाला चिकटूं देऊं नये आणि झोपतांना बंद करावी. तान्ह्या मुलाच्या पाळण्यावर दोरे किंवा साखळ्या लटकवूं नयेत. दम्याच्या माणसाजवळ चमकीची भुकटी व उग्र वासाचीं फुलें नकोत. पंख्याच्या पात्यांपासून सर्व वस्तु दूर असाव्या. आणि औषधें, पाण्याचा तांब्या व रात्रीं उठावयाची वाट यांच्या आड आरास येऊं नये.

शेवटीं सर्वांत महत्त्वाचें. हें सर्व आजारी माणसासाठीं करावें, पण त्याला बाजूला ठेवून करूं नये. जो आजवर घराची आरास करीत आला, त्याला एके दिवशीं केवळ प्रेक्षक होऊन पडावें लागतें. तें दुःख तो बोलून दाखवीत नाहीं. ज्या हातांना कात्री धरवत नाहीं त्यांना कडी चिकटवितां येते. तेंही होत नसेल, तर रंग कोणता घ्यावा हें सांगतां येतें, आणि पूर्वीं आपल्या घरीं तारा कसा करीत हें सांगतां येतें. तें ऐकून आपला तारा थोडा वांकडा झाला तरी चालेल. वसतिगृहांतील विद्यार्थी, नोकरीसाठीं परगांवीं एकटी राहणारी मुलगी, रुग्णालयांतील शेजारचा रोगी, यांच्या खोलीला तर एवढीही माणसें नसतात. एक साखळी व एक कागदी हृदय पाकिटांत घालून तेथें पोंचवितां येतें. मात्र रुग्णालयांत आधीं परिचारिकेची परवानगी घ्यावी.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला कीं आरास उतरवावी. तारा कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवावा. कामट्या पुढच्या वर्षीं उपयोगी पडतात. कुरण गाईला घालावें. साखळीच्या काढलेल्या कड्या मात्र टाकूं नयेत. त्यांच्या आंत लिहिलेल्या ओळी आणि त्या त्या रात्रीं सांगितलेल्या गोष्टी एका वहींत उतरवून ठेवाव्या. घरांतल्या वडील माणसांपाशीं अशा किती गोष्टी आहेत, हें आपणांस त्या चोवीस रात्रींत कळून येईल. आणि त्या ऐकून घ्यावयास पुढच्या नाताळपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं.