‘हिपोक्रिट’ : ग्रीक रंगभूमीवरचा एक शब्द

अंतरी एक आणि बाहेर दुसरेच अशा कृत्रिम आचरणास इंग्रजीत ‘हिपॉक्रिसी’ आणि तसे वागणाऱ्यास ‘हिपोक्रिट’ म्हणतात. परंतु आज केवळ निंदेसाठी योजिला जाणारा हा शब्द मूळ ग्रीक भाषेत एका प्रतिष्ठित व्यवसायाचे नाव होता.

त्याचे क्रियापद होमरच्या ‘ओडिसी’त पेनेलपीच्या स्वप्नाचा अर्थ उलगडण्याच्या संदर्भात येते, ‘उत्तर देणे’ असाही त्याचा अर्थ होता. पुढे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अथेन्सच्या नटास ‘हिपोक्रितीस’ हीच संज्ञा होती. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, दियोनिसस देवाच्या उत्सवात, ताठ केलेल्या कापडाचा मुखवटा चढवून तो उभा राही; शोकांतिकेत बोलणारे नट बहुधा तीनच असल्यामुळे एकच पुरुष घटकेत राजा, घटकेत दूत आणि घटकेत राणी होई, आणि उत्कृष्ट नटास नगरराज्यातर्फे बक्षीसही मिळे. यात फसवणूक कसली? मुखवटा हा मुखवटाच आहे, हे शेवटच्या पायरीवरील प्रेक्षकासही पक्के ठाऊक असे.

शब्दाची ही निर्मळता डागाळू लागली ती रंगभूमीबाहेर. ख्रिस्तपूर्व 330 मधील सुप्रसिद्ध खटल्यात अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याने आपला प्रतिस्पर्धी एस्किनीस याच्या पूर्वीच्या नटपणावर कठोर प्रहार केले. कायरोनियाच्या रणात पडलेल्या वीरांचे श्रद्धांजलीपर भाषण लोकांनी आपल्याकडे सोपविले, कारण त्यांना केवळ आवाजाने रडणारा नट नको होता, अंतःकरणाने शोक करणारा माणूस हवा होता, असे त्याने न्यायसभेस बजावले. आणि आवाजाच्या त्या रडण्यासाठी त्याने नटाच्या अभिनयाचेच क्रियापद वापरले. एस्किनीस खटला हरला आणि अथेन्स सोडून गेला. वक्त्याच्या आविर्भावासही ग्रीक लोक याच धातूपासून झालेला ‘हिपोक्रिसिस’ हा शब्द, कोणताही दोष न लावता, वापरीत. म्हणून डेमॉस्थेनीसचा हा वार मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात, दानधर्म करताना कर्णा वाजविणाऱ्यांस आणि लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांस ‘हिपोक्रितीस’ हीच संज्ञा लागली. मराठी बायबलात तेथे ‘ढोंगी’ हा शब्द आहे. सोंग आणि ढोंग यांची फारकत आपल्या भाषेने जपली, हे मी तिचे भाग्य समजतो. ग्रीकातून लॅटिन, लॅटिनमधून फ्रेंच असा प्रवास करीत तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर निंदाच तेवढी आली. ज्या नटाचे ते नाव होते, तो अथेन्सलाच राहिला.