श्वासाचे मोजमाप आणि आरोग्याचे नियोजन



बंगळूर शहराच्या दक्षिणेस आनेकल तालुका आहे. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात येतात. बोम्मसंद्र येथे मोठे खासगी आरोग्यसंकुल आहे, तर मज्जासंस्थेच्या विकारांवरील ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था होसूर मार्गाने गाठता येते. तज्ज्ञ दूर नाहीत. परंतु ज्या घरातील मुलगा चाकाच्या खुर्चीला खिळला आहे, त्या घराला हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. प्रत्येक फेरीला वाहनाचे भाडे आणि आई किंवा वडिलांची बुडालेली रोजंदारी, हे त्याचे खरे माप होय.

‘ड्यूशेन’ प्रकारचा स्नायू-अपविकास हा प्रामुख्याने मुलग्यांना होणारा आनुवंशिक विकार आहे. साधारणतः साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो होतो. स्नायूंना आधार देणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास बहुतेकांचे चालणे थांबते. तेथपर्यंतची हानी सर्वांना दिसते; पुढची मात्र दिसत नाही. वाढत्या वयाबरोबर वाढलेली फुप्फुसांची क्षमता किशोरवयात स्थिरावते आणि मग वर्षागणिक घटू लागते. खोकला क्षीण होतो आणि साध्या सर्दीचे रूपांतर न्यूमोनियात होते. झोपेत श्वास उथळ होतो. सकाळची डोकेदुखी आणि वर्गातील पेंग यांकडे आळस म्हणून पाहिले जाते.

ही घसरण स्पायरोमीटर या साध्या उपकरणाने मोजता येते. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाच-सहा वर्षांच्या वयापासून दरवर्षी ही तपासणी व्हावी. क्षमता अपेक्षेच्या निम्म्याखाली गेली, की खोकल्यास साहाय्य आणि रात्री मुखवट्याद्वारे कृत्रिम श्वसन यांचा विचार करावा लागतो. केवळ प्राणवायू देणे पुरेसे नसते, प्रसंगी ते घातकही ठरते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील रुग्णांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९६० च्या दशकात १४.४ वर्षे असलेले मृत्यूचे सरासरी वय, १९९० नंतर कृत्रिम श्वसन मिळालेल्यांत २५.३ वर्षांवर गेल्याचे आढळले.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्नायू-अपविकासाचा समावेश आहे. राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरण, २०२१ मध्येही ड्यूशेनची नोंद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. तथापि चर्चा महागड्या औषधांभोवतीच फिरते. आयुष्मान भारत योजनेचे पाच लाख रुपयांचे कौटुंबिक संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. या मुलाचे श्वसनयंत्र मात्र घरात, रोज रात्री लागते. परिणामी, टाळता येण्याजोग्या न्यूमोनियाच्या अतिदक्षता उपचारांवर पैसा खर्च होतो आणि तो टाळणाऱ्या यंत्रासाठी कुटुंब कर्ज काढते. हा संसाधनांचा विपरीत विनियोग होय.

उपाय अवघड नाहीत. तालुका रुग्णालयात स्पायरोमीटर आणि तो वापरणारा प्रशिक्षित कर्मचारी असावा. चालणे थांबलेल्या मुलांची नोंद ठेवून त्यांची श्वसन-तपासणी ठरलेल्या काळाने व्हावी. श्वसनयंत्रे भाडेतत्त्वावर देणारी जिल्हा पेढी उभारावी आणि तिच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात करावी. घरी काळजी घेणाऱ्या मातेचे श्रमही हिशेबात धरावेत.

या मुलांच्या आयुष्यात वाढणारे दशक म्हणजे महाविद्यालयाची, कौशल्याची आणि संगणकावरील रोजगाराची वर्षे. ज्या तालुक्याने उद्योगांसाठी रस्ते आणि वीज पोहोचविली, त्याला घरातल्या एका खाटेपर्यंत श्वास पोहोचविणे अशक्य नाही.