जळगावची घरकुले, धुळ्याचा निकाल



भ्रष्टाचार गरीब राष्ट्रांच्या रक्तातच असतो, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. गुन्नार मिर्दाल यांनी ‘एशियन ड्रामा’ या १९६८ च्या ग्रंथात ‘मृदू राज्य’ ही कल्पना मांडली, ती जनतेच्या स्वभावाविषयी नव्हती. स्वतःच केलेले कायदे बलवानांवर न चालवणाऱ्या शासनाविषयी होती. खानदेशातील घरकुल प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

झोपडपट्टीवासीयांसाठी जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात ११ हजारांवर घरकुलांची योजना आखली. पैसा हुडकोच्या कर्जाचा. पुरी झाली ती सुमारे १,५०० घरे. जागेची कायदेशीर पूर्तता न करताच कामे सुरू झाली, मक्तेदाराला बिनव्याजी आगाऊ रकमा दिल्या गेल्या, असा आरोप होता. यात तिजोरी कोणी रात्री फोडली नव्हती. ठराव झाले, टिपणे वर गेली, सह्या झाल्या, धनादेश निघाले. सारे दिवसाढवळ्या, दप्तरी नोंद होऊन! चिरीमिरी घेणाऱ्या कारकुनाला पकडून भ्रष्टाचार हटल्याच्या बातम्या देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली मार्च २०१२ मध्ये. म्हणजे सहा वर्षे गेली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जण दोषी ठरले. जैन यांना ७ वर्षांचा कारावास व १०० कोटी रुपयांचा दंड, तर दुसरे माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना ५ वर्षांचा कारावास झाला. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली.

न्यायालयाच्या तारखा पडत होत्या, तसे कर्जाचे व्याजही चढत होते. थकबाकीपायी महापालिकेची बँक खाती गोठवली जाण्यापर्यंत पाळी आली. रस्ते, गटारे, पाणी यांसाठीचा पैसा हप्त्यांत गेला. ज्यांच्या नावाने कर्ज काढले त्यांना घर मिळाले नाही, आणि फेडीचा भार मात्र त्यांच्याही वाट्याला आला. अर्थशास्त्रात याला काहीही नाव असो, झोपडीत राहणाऱ्याच्या दृष्टीने ही दुहेरी लूट होय.

एवढ्यावर २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ आले. अधिकृत निर्णयासंबंधी लोकसेवकाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी हवी. प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण हवे, हे खरे. गेडामांसारख्यांना ते अधिकच हवे. पण हे कलम सही करणाऱ्याला आधी संरक्षण देते, फिर्याद करणाऱ्याला नव्हे.

कार्यकर्त्यांना निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मक्त्याचा करार, आगाऊ रकमेच्या अटी, जागेचा उतारा आणि लेखापरीक्षणातील आक्षेप ही कागदपत्रे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात. ती मागावयाची वेळ पहिला धनादेश निघतो तेव्हाची. घरकुलांच्या अर्धवट भिंतींवर झुडपे उगवल्यानंतरची नव्हे.