नाण्यावरचे वाद्य आणि डफावरची थाप

(महाड येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाड-पोलादपूरच्या परिसरात राष्ट्रीय प्रतीक म्हटले की मन प्रथम रायगडाकडे आणि लगेच शस्त्रांकडे जाते. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच सुमारास याच जिल्ह्यातून आलेले मुख्यमंत्री अंतुले यांनी भवानी तलवार लंडनहून परत आणण्याचा विषय लावून धरला होता. पुढे जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे सातारला आली. तीही मुदतीच्या बोलीवर, म्हणजे उसनी! ती तलवार तीच काय, ही नखे तीच काय, यावर इतिहासकारांचे एकमत नाही आणि त्या वादात मी शिरणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. आपण आपली प्रतीके नेहमी शस्त्रागारातच का शोधतो?

एका राष्ट्राने आपले प्रतीक वाद्यात शोधले. ते राष्ट्र म्हणजे आयर्लंड. त्याच्या राजमुद्रेवर, पारपत्रावर आणि आजच्या युरो नाण्यांवर ‘हार्प’ हे तंतुवाद्य आहे. त्रिकोणी लाकडी सांगाडा, त्यात ताणलेल्या पितळी तारा, आणि त्या नखांनी छेडायच्या, असे त्याचे जुने रूप. ज्या वाद्यावरून हे चित्र घेतले ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेले आहे. लोक त्याला ब्रायन बोरू राजाचा हार्प म्हणतात. हा राजा १०१४ साली रणात पडला आणि वाद्य तर चौदाव्या-पंधराव्या शतकातले. म्हणजे तेथेही आपल्यासारखेच: वस्तू एका काळाची, कथा दुसऱ्या काळाची. परंतु एवढ्यावरून लोकांची श्रद्धा खोटी ठरत नाही. लोकांना त्या राजाशी आपले नाते जोडायचे होते, ते त्यांनी वाद्याच्या आधाराने जोडले, एवढाच त्याचा अर्थ.

खरी गोष्ट पुढेच आहे. आयर्लंडच्या नाण्यांवर हे वाद्य प्रथम कोणी छापले? आयरिश जनतेने नव्हे, तर इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने, १५३० च्या दशकात. ज्या सत्तेने त्या देशाची जमीन बळकावली, त्याच सत्तेने त्याचे वाद्य नाण्यावर मिरविले, आणि त्याच शतकात तेथील भाट-गवयांवर राजद्रोही म्हणून निर्बंध लादले. चित्राला मान आणि वादकाला दंडुका! १७९१ साली स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ या क्रांतिकारक संघटनेने तेच चित्र उचलून बंडाची खूण केले. १७९२ च्या जुलैत बेलफास्टला जुन्या वादकांचा मेळा भरविण्यात आला, तेव्हा साऱ्या आयर्लंडमधून जमले अवघे दहा. त्यांतले कित्येक अंध, बहुतेक वृद्ध आणि दरिद्री. एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला त्यांच्या चाली टिपून घेण्यास बसविले होते. त्याने त्या टिपल्या म्हणून आज त्या ऐकायला तरी मिळतात.

१९२२ साली आयरिश मुक्त राज्य आले आणि हार्प राज्याचे चिन्ह झाला. पण गिनेस या मद्य कारखान्याने १८७६ सालीच तो आपला व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून ठेवलेला! शेवटी सरकारी हार्पचे तोंड बाटलीवरच्या हार्पच्या उलट दिशेला राहिले. भांडवल राष्ट्राच्याही आधी कचेरीत पोहोचते, ते असे.

आता आपल्या घाटाखाली परत येऊ. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर जे घडले ते महाराष्ट्राच्या घराघरांत नेले कोणी? बखरकारांनी नव्हे, ते काम शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने केले. जिजाऊंचा सोंगट्यांचा डाव, रायबाचे लग्न, यशवंती घोरपड, हे सारे आपल्याला त्या पोवाड्याने दिले. घोरपडीची कथा इतिहासकार मानत नाहीत, न मानोत. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपुरात आहे. तो संस्कृत पंडित, त्याला समाधी मिळाली. तुळशीदासाच्या मागे मात्र त्याच्या पोवाड्याखेरीज फारसे काही उरले नाही. गोंधळी आणि शाहीर यांच्या कंठात राहिलेले हे पोवाडे १८९१ मध्ये ॲक्वर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून ग्रंथरूपाने छापले. त्याआधी १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर स्वतः पोवाडा रचला होता. ब्राह्मणी इतिहासाला उत्तर द्यायचे, तर त्यांनी साधन निवडले ते शाहिराचे.

ते साधन तरी केवढे? डफ म्हणजे एका कड्यावर मढविलेले कातडे. तुणतुणे म्हणजे लाकडी नळकांडे, त्याच्या तळाशी कातडे, बाजूला एक दांडी आणि खुंटीला ताणलेली एकच तार. शेजारी झीलकरी. राजवाड्यात शोभेल असे त्यात काही नाही, आणि खांद्याला अडकवून कोणत्याही वाडीवर नेता येईल असे सर्व काही आहे.

पण या कातड्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण आपण महाडात आहोत. देवीच्या अंगणात संबळ वाजतो, शिवजयंतीला डफ वाजतो, तेव्हा त्या कातड्याचा विटाळ कोणाला होत नाही. ते कमावणाऱ्या आणि मढविणाऱ्या हातांचा मात्र होत असे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असलेल्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच झालेला होता, तरी लोकांवर हल्ले झाले. तळे नंतर ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. आणि न्यायालयाचा अखेरचा निर्णय यायला १९३७ उजाडले. गुरेढोरे पाणी पीत होती तेथे माणसांना मज्जाव होता. कातड्याचे वाद्य चालते आणि कातड्याचा माणूस चालत नाही, ही त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू. दासगावच्या रा. बा. मोऱ्यांसारख्या तरुणांनी ही परिषद उभी केली होती, हेही या तालुक्याने विसरू नये.

यानंतर त्या वाद्याने कूस बदलली. आंबेडकरी जलशांनी तोच डफ, तेच तुणतुणे उचलले आणि त्यावर माणुसकीच्या हक्काचा सवाल गायिला. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव गेले. १९४४ पासून लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर एकत्र उभे राहिले. वाटेगावच्या मांगवाड्यातले अण्णा भाऊ आणि बार्शीचे मेहबूब पटेल म्हणजेच अमर शेख, या आवाजांनी संयुक्त महाराष्ट्राची मागणी गिरणगावापासून खेड्यापर्यंत नेली. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. त्याच राज्यात १९६९ साली अण्णा भाऊ हलाखीत वारले. २००२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले. मघाशी मी हेन्रीच्या नाण्याविषयी बोललो ते यासाठी.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यगीत स्वीकारले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा कंठ. सरकारी कार्यक्रमात शाहिराचा आवाज वाजू लागला, ही मला आनंदाचीच गोष्ट वाटते. तो ध्वनिमुद्रित आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. मुद्रित शाहीर प्रश्न विचारीत नाही आणि मानधनही मागत नाही. जिवंत शाहीर दोन्ही करतो, म्हणून तो गैरसोयीचा. वृद्ध कलावंतांच्या मानधनाची सरकारी योजना आहे. पण मानधनाने म्हातारपण सरते, पोवाडा पुढच्या पिढीच्या गळ्यात उतरत नाही.

डफाला राज्याचे चिन्ह करा असा ठराव कोणी मांडणार असेल, तर मी त्याला विरोध करीन. चिन्ह झाल्यावर त्यावर थाप मारायला परवाना लागेल! माझी विनंती लहान आहे. पोलादपूर, महाड, बिरवाडी, उमरठ या भागांत ज्या घरांत अजून डफ किंवा संबळ टांगलेला आहे, त्या घरांत पावसाळ्यापूर्वी जाऊन या. कोण गातो, कोणाकडून शिकला, वाद्य कोण मढवून देतो, हे वहीत लिहा. पद संपूर्ण उतरवून घ्या. मढविणाऱ्याचे नाव गाणाऱ्याच्या बरोबरीने लिहा. दोन वह्या करा, एक त्या घरी ठेवा आणि एक आपल्या कचेरीत आणा.