शाळेतील ध्वनिसंग्रह : मूळ प्रत व वापराची प्रत



नांदेड व लातूर जिल्ह्यांत जात्यावरील ओव्या, शेतातील भलरी, किनवट-माहूरकडील तांड्यांवरची लेंगी ज्यांना मुखोद्गत आहेत, अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. आपल्या गावापुरते असे कार्य शाळेसही करता येईल. मात्र मोबाईलवर टिपलेला आवाज वर्गातील ध्वनिवर्धकावर वाजेलच असे नाही. ते पुष्कळदा फाईलच्या प्रकारावर अवलंबून असते.

वेव्ह प्रकारात आवाज सहसा काहीही न गाळता साठविला जातो. सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन, एका मिनिटास सुमारे १० एमबी जागा लागते. फ्लॅक प्रकारात साधारण निम्मी जागा पुरते व काही गमावत नाही. एमपी-थ्री मात्र कानास कमी जाणवणारा भाग गाळते. म्हणून १२८ केबीपीएस दराने मिनिटास सुमारे १ एमबी पुरते. ज्वारी दळल्यावर पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, तसाच गाळलेला आवाजही परत येत नाही. एमपी-थ्रीचे पुन्हा वेव्ह केल्यास फाईल मोठी होईल, दर्जा सुधारणार नाही.

व्हॉट्सॲपवरील आवाजी संदेश ओपस प्रकारात असतो, तर आयफोनवरील मुद्रण बहुधा एम-फोर-ए प्रकारात. पेनड्राईव्हवर चालणारी अनेक साधी यंत्रे हे प्रकार वाजवीत नाहीत. एमपी-थ्री मात्र बहुतेक सर्वत्र वाजते. फाईलच्या नावाची शेवटची अक्षरे बदलल्याने प्रकार बदलत नाही. त्यासाठी ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य साधनात फाईल उघडून ती एमपी-थ्री म्हणून निर्यात करावी. विंडोजवर एम-फोर-ए उघडण्यास एफएफएमपेग हे जोडसाधन लागते.

तेव्हा तीन गोष्टी पाळाव्यात. शक्य तेथे वेव्हमध्येच मुद्रण करावे. मूळ फाईल, ती कोणत्याही प्रकारची असो, न बदलता दोन ठिकाणी जपावी. व्हॉट्सॲपने पाठविणे झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. वर्गासाठी तिच्यावरून एमपी-थ्री प्रत करावी. गाणाऱ्याची संमती घेऊन नाव, गाव व दिनांक यांची नोंदही ठेवावी.

यंत्रे बदलतील, नवे प्रकार येतील. मूळ प्रत हाती असल्यास त्यांतून नवी प्रत केव्हाही काढता येईल. गाणारी व्यक्ती मात्र पुन्हा लाभेलच असे नाही. म्हणून हे काम याच सत्रात आरंभावे, अशी आपणांस विनंती आहे.